वाचकांचे प्रश्न : एमआरआयचं यंत्र शरीरात नेमकं काय ऐकतं?

प्रश्न : कंबरेच्या एमआरआयच्या रिपोर्टात ‘एल फोर-एल फाइव्ह डिस्क टी-टू हायपोइंटेन्स’ असं लिहून आलंय. टी-वन आणि टी-टू ही दोन वेगळी यंत्रं आहेत का? आणि यात एक्स-रेसारखे किरण किती लागले? (वाचक, देवगड)

उत्तर : किरण अजिबात लागले नाहीत. एमआरआयमध्ये चुंबक असतो आणि रेडिओलहरी असतात. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमधले किरण इथे नसतात. यंत्रही एकच. टी-वन आणि टी-टू या दोन वेळा आहेत, मिलिसेकंदांत मोजायच्या. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा रिपोर्ट उलगडतो.

आपल्या शरीरात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, शिवाय चरबी. दोन्हींत हायड्रोजन भरपूर. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे एकच प्रोटॉन, आणि तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. एरवी हे चुंबक वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. यंत्राच्या बोगद्यात 1.5 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र असतं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). होकायंत्राची सुई ज्या पृथ्वीच्या क्षेत्राने हलते, त्याच्या तीस हजारपटीहून हे जास्त. तरीही क्षेत्राच्या दिशेने तोंड करणाऱ्या प्रोटॉनांची बढत दर दहा लाखांमागे जेमतेम पाचांची असते. पाण्याच्या एका थेंबातही प्रोटॉन इतके असतात, की तेवढ्या बढतीवर सगळी प्रतिमा उभी राहते.

हे प्रोटॉन कललेल्या भोवऱ्यासारखे क्षेत्राभोवती डोलतात. 1 टेस्लाला सेकंदाला 4 कोटी 26 लाख फेऱ्या, म्हणजे 42.58 मेगाहर्ट्झ. 1.5 टेस्लाला ते 63.9 होतात आणि 3 टेस्लाला 127.7. एफएम रेडिओचा 88 ते 108 मेगाहर्ट्झचा पट्टा या दोघांच्या मधे येतो. यंत्र प्रोटॉनांच्या नेमक्या याच वारंवारतेची रेडिओलहर क्षणभर सोडतं. पडवीतल्या झोपाळ्याला त्याच्या लयीत झोका दिला तरच तो चढतो, भलत्या लयीत ढकलला तर अडखळतो. प्रोटॉनांचंही तसंच. लय जुळली की ते ऊर्जा घेऊन आडवे होतात. एमआरआयमधल्या ‘आर’चा अर्थ हाच : रेझोनन्स, म्हणजे अनुनाद.

लहर थांबली की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. आडवे झालेले प्रोटॉन सुरुवातीला भजनी मंडळातल्या टाळांसारखे एका ठेक्यात असतात, आणि ठेका एक आहे तोवरच यंत्राच्या कॉइलला, म्हणजे तारेच्या वेटोळ्याला, त्यांचा आवाज ऐकू येतो. शेजारच्या प्रोटॉनांच्या ओढीने प्रत्येकाचा वेग किंचित वेगळा होतो, टाळ मागेपुढे पडू लागतात आणि आवाज विरतो. तो 37 टक्क्यांवर यायला लागणारा वेळ म्हणजे टी-टू. त्याच वेळी प्रोटॉन ऊर्जा सोडून पुन्हा क्षेत्राच्या दिशेला येत असतात. ही मूळ स्थिती 63 टक्के परत यायला लागणारा वेळ म्हणजे टी-वन.

आता नारळ घ्या. शहाळ्याचं पाणी आणि खोबरेल तेल दोन बाटल्यांत भरून शेजारी ठेवलं, तर टी-वन प्रतिमेत तेल पांढरं आणि पाणी काळं दिसेल. टी-टू प्रतिमेत पाणी लख्ख पांढरं दिसेल. कारण आकड्यांत आहे. 1.5 टेस्लाला चरबीचा टी-वन साधारण 260 मिलिसेकंद, तर मेंदू आणि मणक्यांतल्या पाण्याचा सुमारे 4000. तंत्रज्ञाने दर 500 मिलिसेकंदांनी नवी लहर सोडली (या अंतराला टीआर म्हणतात), तर तेवढ्यात चरबी 85 टक्के सावरलेली असते आणि पाणी फक्त 12 टक्के. म्हणून टी-वनमध्ये पाणी काळं. टी-टूसाठी टीआर 3000च्या वर ठेवतात, म्हणजे बहुतेकांना सावरायला पुरेसा वेळ मिळतो. मग लहरीनंतर 100 मिलिसेकंद थांबून ऐकतात; या थांबण्याला टीई म्हणतात. स्नायूचा टी-टू 50च्या आसपास, म्हणून तोवर त्याचा आवाज 14 टक्क्यांवर आलेला असतो. पाण्याचा टी-टू 2000च्या घरात, त्याचा 95 टक्के शिल्लक असतो.

फिल्म हातात आली की पाठीच्या कण्यातलं पाणी शोधा. ते पांढरं असेल तर प्रतिमा टी-टू, काळं असेल तर टी-वन. चरबीवरून मात्र ओळखू नका, हल्लीच्या जलद टी-टूमध्ये तीही बऱ्यापैकी पांढरी दिसते.

‘हायपोइंटेन्स’ म्हणजे गडद, ‘हायपरइंटेन्स’ म्हणजे उजळ. ‘एल फोर-एल फाइव्ह डिस्क’ म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती. तुमच्या या चकतीतलं पाणी कमी झालंय, म्हणून ती टी-टूमध्ये काळपट दिसते. चाळिशीनंतर ज्यांची कंबर कधी दुखली नाही अशांच्या मणक्यांतही हे सर्रास आढळतं. त्या एका ओळीवर घाबरू नका. नस दाबली गेल्याचं कुठे लिहिलंय का ते पाहा, आणि दुखणं त्याच नसेच्या वाटेने जातं का ते डॉक्टरांना तपासू द्या.

प्रश्न : स्टर, फ्लेअर, डिफ्यूजन म्हणजे काय? (वाचक, दापोली)

उत्तर : पहिल्या दोन युक्त्या काहीतरी गप्प करण्याच्या आहेत. प्रोटॉनांना आधी उलटं करायचं आणि ते परत येताना शून्यावरून जात असतील नेमक्या त्या क्षणी ऐकायला सुरुवात करायची. ज्याचं शून्य त्या क्षणी येतं ते प्रतिमेतून नाहीसं होतं. 1.5 टेस्लाला 150 ते 170 मिलिसेकंदांवर चरबी गप्प होते, तो स्टर. हाडाच्या आतली सूज त्यात उठून दिसते. 2200 ते 2500वर मेंदूतलं मोकळं पाणी गप्प होतं, तो फ्लेअर. डिफ्यूजन वेगळं. पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हिंडतात हे त्यात दिसतं. पक्षाघातात पेशी सुजतात, पाणी अडकतं आणि ती जागा पहिल्या काही तासांतच उजळते. मात्र शेजारच्या एडीसी नकाशात (पाणी किती हिंडतं याच्या मोजमापाच्या प्रतिमेत) तीच जागा काळी असायला हवी. दोन्हीकडे पांढरी असेल तर तो जुन्या टी-टूचा उजेड असू शकतो.

प्रश्न : मंगळसूत्र, जोडवी, तांबी, पायातला रॉड यांतलं काय चालतं? माझे यजमान बोटींच्या इंजिनांचं काम करतात, त्यांनाही एमआरआय सांगितलाय. (वाचक, मालवण)

उत्तर : यजमानांचं आधी. ग्राइंडर, लेथ किंवा वेल्डिंगचं काम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तो ‘काढला’ असं डॉक्टर म्हणाले असतील तरी, तंत्रज्ञाला सांगायलाच हवं. अडकून राहिलेला कण क्षेत्रात फिरतो आणि दृष्टी जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा साधा एक्स-रे काढतात. बोटीवरच्या लोकांना हा प्रश्न फॉर्म भरताना हमखास विचारून घ्यावा असं आमचं मत आहे.

सोनं, चांदी आणि तांबं यांना चुंबक खेचत नाही. तरी मंगळसूत्र काढायचंच, कारण त्याची कडी किंवा तार पोलादाची असू शकते आणि मान-छातीची प्रतिमा वेडीवाकडी होते. तांबीची अडचण सहसा येत नाही, फक्त सांगून ठेवा. रुतलेली अंगठी निघत नसेल तर तेही सांगा. खरी दगाबाज वस्तू म्हणजे पदराची सेफ्टी पिन. निऱ्यांत खोचलेली दुसरी पिन आणि अंबाड्यातले आकडे हटकून विसरतात. साडी बदलून तिथला गाऊन घालणं उत्तम.

हाडातले रॉड आणि प्लेटा बहुतेक टायटॅनियमच्या किंवा न खेचल्या जाणाऱ्या स्टीलच्या असतात आणि हाडात घट्ट बसलेल्या असतात. त्यांच्याभोवती प्रतिमा काळी पडते, एवढंच. डिस्चार्ज कार्ड आणि इम्प्लांटचं स्टिकर मात्र बरोबर न्या. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा मेंदूतल्या धमनीची क्लिप असेल तर मॉडेलचं कार्ड पाहिल्याशिवाय आत जाऊच नका.

पेशंटबरोबरच्या माणसांनाही हेच नियम. 2018च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट एक नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. तपासणी चालू नसली तरी चुंबक चालूच असतो.

आत झोपल्यावर दोन्ही हात पोटावर गुंफू नका, पोटऱ्या एकमेकींना टेकवू नका. त्वचेला त्वचा टेकली की शरीरातच एक वेटोळं तयार होतं, रेडिओलहरींनी त्यात प्रवाह वाहतो आणि टेकलेल्या जागी भाजतं. मधे सुकी घडी किंवा पॅड ठेवून घ्या.

प्रश्न : वीस-पंचवीस मिनिटं का लागतात? एवढा धडधडाट कशाचा? (वाचक, गुहागर)

उत्तर : आवाज ग्रेडियंट कॉइलचा. जागेनुसार क्षेत्र किंचित कमीजास्त केलं की जागेनुसार प्रोटॉनांचा ठेका बदलतो. आवाज कुठून आला हे त्यावरून कळतं. ही कल्पना पॉल लॉटरबर यांनी 1973मध्ये मांडली. 2003चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळालं. त्यासाठी कॉइलमधून शेकडो अँपिअरचा प्रवाह क्षणाक्षणाला चालू-बंद होतो, मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रात कॉइलला झटके बसतात आणि ती लाउडस्पीकरसारखी थरथरते. आवाज 100 डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानात बोळे किंवा हेडफोन मागून घ्या.

वेळेचं गणित सोपं आहे. प्रतिमेच्या 256 ओळी भरायच्या तर प्रत्येक ओळीमागे एक टीआर थांबायचं. टीआर 500 आणि प्रत्येक ओळ दोनदा, तर 256 सेकंद, म्हणजे सव्वाचार मिनिटं. टीआर 4000 असेल तर एकदाच भरायलाही सतरा मिनिटं जातील. एका लहरीमागे 16 ओळी ऐकायची जलद पद्धत वापरली की तेच 64 सेकंदांत होतं. अशा पाच-सहा मालिका असतात. ओळी अशा मिनिटभर गोळा होत असल्याने मधेच खोकलात तर फक्त तेवढा भाग बिघडत नाही, पूर्ण प्रतिमेवर सावल्या पसरतात. खोकायचं असेल तर एक आवाज थांबून दुसरा सुरू व्हायच्या मधल्या शांततेत खोका.

प्रश्न : कोळंबी खाल्ली की माझ्या अंगावर पित्ताच्या गांधी उठतात. एमआरआयचं इंजेक्शन घेऊ का? (वाचक, हर्णे)

उत्तर : कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. शिवाय एमआरआयच्या औषधात आयोडीन नसतंच, गॅडोलिनियम असतं. ते जवळच्या पाण्याचा टी-वन कमी करतं, म्हणून जिथे पोचतं ती जागा टी-वनमध्ये उजळते. मात्रा सहसा किलोमागे 0.1 मिलिमोल, नेहमीच्या औषधात 60 किलोच्या माणसाला 12 मिलिलिटर. पूर्वी गॅडोलिनियमचीच रिॲक्शन आली असेल, मूत्रपिंडं कमकुवत असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर ते सांगणं कोळंबीपेक्षा फार महत्त्वाचं.

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याजवळच्या एका रुग्णालयात 1.5 टेस्लाचं यंत्र बसतंय. लाइट गेली तर चुंबक बंद पडतो का? खाऱ्या हवेची काय काळजी घ्यावी? (बायोमेडिकल इंजिनिअर)

उत्तर : लाइट गेली तरी चुंबक चालूच राहतो. निओबियम-टायटॅनियमच्या तारा द्रव हेलियममध्ये उणे 269 अंशांना बुडवलेल्या असतात, त्यांत विरोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह फिरत राहतो. ‘लाइट नाही’ म्हणून लोखंडी ट्रॉली किंवा टॉर्च घेऊन कुणी आत जाता कामा नये, हे रात्रपाळीच्या माणसांपर्यंत पोचवा.

बंद पडते ती थंड करणारी साखळी : चिलर, कॉम्प्रेसर आणि कोल्डहेड (चुंबकावर बसवलेला, हेलियम थंड ठेवणारा भाग). यंत्राच्या खोलीत एरवीही ऐकू येणारी एकसुरी टुक-टुक कोल्डहेडची असते. 4 केल्विनवर 1 वॉट उष्णता ओढायला कॉम्प्रेसर सुमारे 7 किलोवॉट खातो. तो थांबला की हेलियम उकळून जाऊ लागतो. काही तास निभतात, दिवसांवर गेलं तर पातळी घसरते आणि क्वेंचची, म्हणजे तारा तापून हेलियम एकदम उकळून जाण्याची, भीती येते. यूपीएस बहुधा संगणकाला जोडलेला असतो. चिलर आणि कॉम्प्रेसर जनरेटरवर आहेत का ते स्वतः वायरचा माग काढून तपासा. नेहमीची चूक पुढची : लाइट येते, सगळे निश्चिंत होतात, पण चिलरचं पाणी तापलेलं असल्याने कॉम्प्रेसर ट्रिप होऊन तसाच पडून राहतो. लाइट आल्यावर अर्ध्या तासाने टुक-टुक ऐकू येते का ते पाहायचं, आणि हेलियमची पातळी व दाब रोज वहीत लिहायचा.

खारी हवा आधी चिलरच्या बाहेरच्या युनिटचे ॲल्युमिनियमचे पंख खाते. गंजरोधक लेप दिलेलं कॉइल घ्या आणि गोड्या पाण्याने नियमित धुवा. दुसरी जागा दरवाजा. खोलीला तांब्याचं अस्तर असतं, बाहेरचा रेडिओ आत येऊ नये म्हणून. दाराच्या कडेला पितळी रंगाच्या लवचिक पट्ट्यांची बारीक बोटं असतात. त्यांवर काळपट-हिरवा थर चढला की अस्तराला भोक पडल्यासारखं होतं आणि प्रतिमेवर ठिपक्यांची झिपरसारखी सरळ रेघ उमटते. रेघ दिसली तर आधी दार नीट लागलंय का पाहा, आतले मॉनिटर आणि दिवे एकेक करून बंद करा, मग पाण्याच्या फँटमवर (चाचणीसाठीच्या पाणी भरलेल्या डब्यावर) तीच मालिका बँडविड्थ, म्हणजे ऐकायच्या वारंवारतांचा पट्टा, बदलून घ्या. रेघेची जागा सरकली तर बाहेरून येणारी ठरावीक वारंवारता आत शिरतेय. बोटं आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा, पॉलिशपेपर लावू नका. तुटलेली बोटं बदलून घ्या.

क्वेंच झाल्यावर हेलियम बाहेर नेणाऱ्या क्वेंच पाइपचं बाहेरचं तोंड पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासा. पावसाचं पाणी, गंजाच्या खपल्या, पक्ष्यांची घरटी यांनी ते चोंदतं. एक लिटर द्रव हेलियमचा सातशे लिटरच्या वर वायू होतो. पाइप बंद असेल तर तो खोलीत येऊन प्राणवायू ढकलून देतो, आणि दार आत उघडणारं असेल तर दाबाने उघडतही नाही. दार बाहेर उघडणारं मागा, प्राणवायूचा अलार्म लावा.

आणखी एक. टनावारी वजनामुळे यंत्र तळमजल्यावर ठेवायचा आग्रह होतो. 2021च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत कुठवर चढलं होतं ते पाहा, आणि जागा नदी-खाडीजवळ असेल तर जोतं त्या मानाने उंच घ्या. निदान चिलर, कॉम्प्रेसर आणि जनरेटर तरी वर चढवा. चुंबक कोरडा राहिला आणि कॉम्प्रेसर बुडाला, तरी हेलियम जातोच.