व्यायाम सुरू होताच वजन का वाढते?

प्रश्न : माझे वय 38 वर्षे आहे. दोन आठवड्यांपूर्वी मी व्यायाम सुरू केला; आठवड्यातून चार दिवस वजने उचलते आणि उरलेल्या दिवशी भरभर चालते. खाणे पूर्वीइतकेच आहे, किंबहुना थोडे कमीच. तरीही वजन 1.4 किलोने वाढले आहे. मैत्रिणी म्हणतात की स्नायू वाढले असतील. हे खरे मानावे, की व्यायामाचा हा प्रकार मला मानवत नाही असे समजून तो बंद करावा?

उत्तर : व्यायाम बंद करू नका. हे वाढलेले वजन चरबीचे आहे का, हे आधी हिशेबानेच पाहू. शरीरात एक किलो चरबी साठण्यासाठी गरजेपेक्षा साधारण 7,700 किलोकॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. म्हणजे आपले 1.4 किलो चरबीचे असते, तर चौदा दिवस रोज सुमारे 770 किलोकॅलरी, आणि त्याही व्यायामात खर्च झालेली ऊर्जा भरून काढल्यानंतर उरलेल्या, आपण जास्त खाल्ल्या असत्या. एवढे खाणे लक्षात आल्यावाचून राहत नाही. तेव्हा ही चरबी नव्हे. बहुतांशी हे पाणी आहे, आणि ते शरीरात थांबण्याला कारणे आहेत.

पहिले कारण आपल्याला दुखण्याच्या रूपाने जाणवलेच असेल. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण पडला की त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, दुरुस्तीसाठी तेथे सूज येते आणि सूज म्हणजे त्या भागात साचलेला द्रव. मांड्या आणि दंड व्यायामाच्या दिवशी फारसे दुखत नाहीत, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही नकोसे होते, ते याचमुळे. स्नायू सरावले की हे दुखणे ओसरते आणि त्याबरोबर हे पाणीही.

दुसरे कारण अधिक टिकाऊ आहे. स्नायू आपले इंधन ग्लायकोजेनच्या, म्हणजे पिष्टमय पदार्थांतील साखरेपासून बनलेल्या साठ्याच्या, रूपाने साठवतात. सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या स्नायूंत ते 300 ते 500 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम असते, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. नियमित व्यायामाने स्नायू हा साठा वाढवू लागतात. त्यामुळे साठ्यात 150 ग्रॅमची भर पडली, तरी पाण्यासह वजनकाट्यावर ती 600 ग्रॅम दिसते. या वाढीला कोणी लठ्ठपणा म्हणणार नाही, आणि ती घालवण्याचा प्रयत्नही करू नये. भरभर चालण्यासारख्या दमसासाच्या व्यायामाने पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रवभागही वाढतो, ही तिसरी भर. ती लहान असली तरी हृदयाच्या दृष्टीने हिताची आहे.

मैत्रिणींचे म्हणणे मनाला बरे वाटणारे आहे, परंतु दोन आठवड्यांत तेवढा स्नायू तयार होत नाही. नवशिक्यांमध्ये स्नायू तुलनेने लवकर वाढतात हे खरे. तरी चांगला आहार आणि नेटका सराव असूनही महिनाभरात एक किलोची वाढ ही भरपूरच म्हणावी लागेल, आणि स्त्रियांमध्ये ती बहुधा त्याहून कमी असते. ‘स्नायू चरबीपेक्षा जड असतो’ हे वाक्य या संदर्भात नेहमी ऐकवले जाते. त्यात तथ्य एवढेच की स्नायू अधिक घट्ट असतो, म्हणून तेवढ्याच वजनाला कमी जागा व्यापतो. त्यामुळे पुढच्या काही महिन्यांत वजन जागचे हलले नाही आणि कंबर मात्र उतरली, असे घडू शकते. पहिल्या पंधरवड्याच्या वाढीचे स्पष्टीकरण मात्र त्यातून मिळत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक स्त्रियांच्या शरीरात पाणी साठते आणि वजन एक-दोन किलोने वर जाऊ शकते. म्हणून आजच्या वजनाची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या महिन्यातील पाळीच्या त्याच दिवसाशी करावी. वजन सकाळी, शौचास जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर आणि शक्यतो त्याच कपड्यांत घ्यावे, आणि एका दिवसाच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी लिहून ठेवावी. अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच पुन्हा काट्यावर उभे राहून पाहा. अर्धा किलो ‘वाढलेला’ दिसेल. हा प्रयोग एकदा केला की रोजच्या आकड्याची धास्ती बरीच कमी होते.

कंबरेचे मापही घेत चला. बरगड्यांची खालची कड आणि नितंबाच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरून, सहज श्वास सोडल्यावर, दोन आठवड्यांतून एकदा. सहा ते आठ आठवड्यांनंतरही वजनाची सरासरी आणि कंबर दोन्ही चढतीच असतील, तर मात्र खाण्याकडे वळावे लागेल, कारण व्यायामाने भूक वाढते आणि ‘आज एवढे श्रम झाले’ म्हणून हातही सैल सुटतो.

प्रश्न : माझे उलट झाले. धावणे सुरू केले आणि पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले. पहिल्या आठवड्यात अडीच किलो घटले. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत जेमतेम अर्धा किलो. माझा चयापचय मंदावला का?

उत्तर : नाही. वर सांगितलेल्या ग्लायकोजेनचाच हा उलटा प्रवास आहे. पिष्टमय पदार्थ तोडले आणि वर धावणेही झाले की साठा रिता होतो आणि त्याला बांधलेले पाणी लघवीवाटे निघून जाते. पहिल्या आठवड्याच्या अडीच किलोंमध्ये चरबीचा वाटा लहानच होता. दोन आठवड्यांतला अर्धा किलो ही आपली खरी कमाई आहे आणि ती मुळीच वाईट नाही. एखाद्या समारंभात पोटभर जेवल्यावर दुसऱ्या दिवशी वजन दीड किलोने उसळले, तरी सगळे श्रम वाया गेले असे समजू नका. रिता झालेला साठा पाण्यासह परत भरला, एवढेच.

प्रश्न : माझे वय 64 वर्षे असून रक्तदाबाची गोळी चालू आहे. महिनाभर रोज चालतो. गेल्या तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले आणि संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उमटलेले दिसतात. हेही व्यायामाचेच पाणी समजावे का?

उत्तर : पाणी आहे, पण व्यायामाचे आहे असे गृहीत धरू नये. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरा. अंगठा काढल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर ती सूज आहे. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या काही औषधांनी घोटे सुजतात, आणि तसे असल्यास डॉक्टर औषध बदलू शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नये. परंतु हृदय किंवा मूत्रपिंड यांचे काम मंदावल्यावरही अशीच सूज आणि अशीच झपाट्याने वजनवाढ दिसते, म्हणून एक-दोन दिवसांतच तपासणी करून घ्या. जाताना रोजच्या वजनाची नोंद आणि चालू औषधांची यादी बरोबर न्या. उताणे झोपल्यावर धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर उद्याची वाट न पाहता आजच रुग्णालय गाठा आणि तोवर चालण्याचा व्यायाम थांबवा.