आबाजींबद्दल लिहिताना

नागपूर

प्रिय बेटा,

तुझं पत्र आणि सोबतचा मसुदा मिळाला. आबाजी गेल्याचं मला काटोलहून आधीच कळलं होतं. तेरवीला तू चार शब्द बोलणार आहेस, आणि पुढे तेच नीट लिहून घरात ठेवणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं.

मसुदा दोनदा वाचला. मनापासून लिहिला आहेस, पण त्यात आबाजी मला सापडले नाहीत. ‘भारतमातेचा वीर सुपुत्र’, ‘शिस्तीचे मूर्तिमंत रूप’, ‘आमचा आधारवड’. हे शब्द कोणत्याही फौजीबद्दल लिहिता येतील. तुझे आबाजी मात्र एकच होते.

वाईट वाटून घेऊ नकोस. ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती अजून सलते. माझे काका १९७१च्या लढाईत होते. ते गेले तेव्हा मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. त्यांच्यावर मजकूर लिहिला, त्यात ‘रणांगणावर शत्रूशी प्राणपणाने झुंज दिली’ असं वाक्य टाकलं. छापून आल्यावर आठेक दिवसांनी त्यांचे एक साथीदार उमरेडहून एसटीनं घरी आले. कात्रण घडी करून खिशात आणलं होतं. चहा घेऊन झाल्यावर हळूच म्हणाले, ‘‘तुमी चांगलं लिवलं जी. पन तो तर रेशनची गाडी आने ना. रातच्याले दिवे बंद करून आने. आमी जेवलो त्याच्यापायी. थे नाई लिवलं तुमी.’’

काकांनी आयुष्यभर जे काम केलं, ज्यासाठी एवढ्या वर्षांनंतरही एक माणूस उमरेडहून आला, तेच मी वगळलं होतं. ठाऊकच नव्हतं, कारण काका जिवंत असताना मी कधी विचारलं नाही. तुझ्याकडे विचारायला अजून माणसं आहेत. म्हणून आधी लेखणी खाली ठेव.

पहिलं काम, आबाजींची ती काळी पत्र्याची ट्रंक उघड. झाकणावर पांढऱ्या रंगात क्रमांक, हुद्दा आणि नाव असेल, ते जसंच्या तसं उतरवून घे. आत डिस्चार्ज बुक असेल. भरती कधी, कोणत्या युनिटमध्ये, निवृत्ती कधी, कोणती पदकं, हे त्यात सापडेल. पदकं हातात घेतलीस तर कडेनं फिरवून बघ, तिथंही नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. फक्त घासून चमकवू नकोस, आधीच झिजलेली अक्षरं जातील. तू नुसतं ‘१९७१च्या युद्धात सहभाग’ लिहिलं आहेस. ती लढाई ३ डिसेंबरला पेटली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, पण आबाजी त्या दिवसांत कुठे होते? ‘पूर्वी स्टार’ नावाचं पदक असेल तर पूर्वेची आघाडी, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पश्चिमेची. यातलं काहीच नसेल तरी लाजायचं कारण नाही. जे आहे ते लिही.

दुसरं काम मोठं आहे. आजीजवळ बस. तुझ्या मसुद्यात आजी एकदाच येते, ‘पत्नी’ म्हणून. आबाजी फौजेत होते ती सगळी वर्षं घर, सासू-सासरे, वावर आणि लेकरं कोणी सांभाळली? तिला पत्त्याबद्दल विचार. फौजीच्या पत्रावर गावाचं नाव नसायचं. क्रमांक, नाव, युनिट, आणि खाली ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक. माणूस बर्फात आहे की वाळवंटात, हे घरी कळायचं नाही. मनीऑर्डर आली की तो जिवंत आहे एवढं कळायचं. लढाईच्या डिसेंबरात पत्र किती दिवस आलं नव्हतं, तेव्हा रेडिओ कोणाच्या घरी ऐकायला जायची, पहिलं पत्र कोणी वाचून दाखवलं, हे विचार. पण समोर वही उघडून बसू नकोस, बाई गप्प होईल. तिच्याबरोबर भाजी निवड, तांदूळ निवड. बोलेल.

आबाजी स्वतः लढाईबद्दल बोलत नसत असं तू लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत त्यांच्या मनात काय चाललं असेल त्याचा अर्धा पानभर अंदाज बांधलास. तो काढून टाक. दरवर्षी २६ जानेवारीला ते तुम्हा पोरांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर आणायचे, तोफा दाखवायचे, आणि कोणी ‘आबाजी, तुम्ही लढाईत काय केलं?’ म्हटलं की ‘चला, भूक लागली असेल’ म्हणून खाली उतरायचे. एवढंच सांग आणि पुढे जा. मांडवातली माणसं समजतील.

त्यांचा राग लिहायचा की नाही, असं विचारलं आहेस. लिही. तुझ्या वडिलांशी ते किती तरी वर्षं मोजकंच बोलायचे हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. तेरवीला त्याचा उच्चार नको, पण घरात ठेवायच्या लिखाणात ते असू दे, आणि त्याआधी बाबांना वाचायला दे. त्यांना एखादी ओळ खोडावीशी वाटली तर खोडू दे.

बँकेतल्या गार्डच्या नोकरीला एक परिच्छेद पुरे.

आणि आता संत्र्याची बाग. तुझ्या आख्ख्या मसुद्यात मला एकच वाक्य जिवंत वाटलं, आणि ते तू कंसात टाकलंस: थंडीत बागेला ताण दिला की आबाजी रोज सकाळी फिरून पानं दोन बोटांत धरून बघायचे आणि तुलाही धरायला लावायचे. बेटा, लेखाची सुरुवात इथून कर. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडीच्या अखेरीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, पण झाड मरू द्यायचं नाही, आणि नेमक्या दिवशी पाणी सोडायचं. वेळ चुकली तर बहार बिघडतो. तो दिवस ते कशावरून ठरवायचे? पान कसं लागायचं बोटांना? ते तुला काय म्हणायचे, कोणत्या शब्दांत? ते शब्द आज रात्रीच लिहून ठेव, कारण तेच सगळ्यात आधी विसरायला होतात. बागेत किती झाडं त्यांनी स्वतः लावली, जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायला कोणाकडून शिकले, डिंक्या रोगानं गेलेलं झाड उपटताना बाजूला उभे राहायचे की स्वतः कुदळ घ्यायचे, हेही आठव. फौजेतून परतल्यावर जवळजवळ सारं आयुष्य त्या माणसानं तिथं घालवलं आहे.

तेरवीला पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नकोस. रडू आलं तर थांब, पाणी पी, पुन्हा सुरू कर. कोणी घाई करणार नाही.

पुढचा मसुदा डाकेनं पाठवू नकोस, रविवारी घेऊन ये. ट्रंकेतले कागद पिशवीत नीट बांधून आण, सोबत बसून वाचू. माझ्याकडे चांगलं भिंग आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. डिसेंबर लागला आहे. यंदा बागेचं पाणी तोडलं का? पानं कोण बघतंय?

आजीला माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका