लक्ष्मी काचेला चिकटली आहे

प्रश्न : आजोळच्या देवघरातली रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी काचेला चिकटली आहे. ओढून काढू का? ओल्या फडक्यानं पुसलं तर चालेल?

उत्तर : दोन्ही नको! हा शिळाछाप, म्हणजे दगडावरून कागदावर छापलेलं चित्र, वर व्हार्निश. पावसाळी दमटपणानं ते चिकट होऊन काच धरतं. ओढलंत तर रंग काचेवरच राहील. पाण्यानं व्हार्निश पांढुरकं पडतं, कागद फुगतो. चौकट काच खाली येईल अशी आडवी ठेवा आणि काचेसकट संवर्धकाकडे, म्हणजे जुनी चित्रं जपणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. मागचा पुठ्ठा कागदाला चिकटला असेल तर तोही त्यांनाच काढू द्या. पुन्हा मढवताना आम्लमुक्त पुठ्ठ्याचा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) घालून काच आणि चित्रात ३-४ मिलिमीटर अंतर हवंच. चौकटीमागे कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावा, हवा खेळते. चित्रावर जरी-टिकल्या शिवलेल्या असतील तर कृपया उसवू नका. बायकांनी हौसेनं केलेलं ते काम चित्राइतकंच मोलाचं आहे.