गोल्ड कार्ड जावयाचं, लाउंज कुणाचं?

प्रश्न : जावयाकडे एअर इंडियाचं गोल्ड कार्ड आहे. आम्ही दोघं त्याच्यासोबत दिल्लीहून फ्रँकफर्टला जाणार आहोत. त्याच्या कार्डावर आम्हालाही लाउंज आणि जादा सामान मिळेल का? (टिळकवाडी, बेळगाव)

लाउंज, म्हणजे विमानतळावरची खास बसायची जागा, तुमच्यापैकी एकालाच मिळेल. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, आणि तिच्या नेहमीच्या प्रवाशांना मिळणारं गोल्ड किंवा प्लॅटिनम कार्ड म्हणजे त्या गटाचा ‘स्टार गोल्ड’ दर्जा. स्टार गोल्डवाल्याला सोबत एकच पाहुणा आत नेता येतो, तोही त्याच विमानाने जाणारा. दारावर दोघांचेही बोर्डिंग पास बघतात. सासू जाणार की सासरे, हे घरूनच ठरवून निघा. लाउंजच्या दारात ठरवत बसणं बरं दिसत नाही.

जादा सामान पाहुण्याला मिळत नाही, ते फक्त कार्डधारकाचं. तिकिटावर सामान किलोत मोजलं असेल तर २० किलो, नगात मोजलं असेल तर एक बॅग जास्त. त्या बॅगेत तुमच्या वस्तू भरायला हरकत नाही, पण टॅग जावयाच्या नावाचा असल्यामुळे कस्टमला उत्तरही त्यालाच द्यावं लागेल. म्हणून कुंदा घरीच ठेवा. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवासी सामानात दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे दूध आणि खवाच.

खरी गफलत होते ती सांबऱ्यालाच, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर. इथून उडणाऱ्या इंडिगो आणि स्टार एअर या दोन्ही कंपन्या स्टार अलायन्समध्ये नाहीत. ‘स्टार एअर’च्या नावात स्टार आहे एवढंच, तिथल्या काउंटरवर स्टार गोल्ड कार्ड दाखवून काही उपयोग नाही. सांबरा ते दिल्ली वेगळं इंडिगो तिकीट काढलंत, तर देशांतर्गत नियमाप्रमाणे माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातली बॅग. फ्रँकफर्टच्या तिकिटावर कितीही सामान लिहिलेलं असो, जास्तीचे पैसे सांबऱ्यालाच मोजावे लागतील. शिवाय दिल्लीत बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करायच्या. पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं, तर वेगळ्या तिकिटाची जबाबदारी कुणीच घेत नाही.

गोव्याहून किंवा पुण्याहून एअर इंडियाचं फ्रँकफर्टपर्यंत एकच तिकीट मिळत असेल, तर सामान थेट जातं आणि पहिल्या टप्प्यालाही परदेशी प्रवासाचीच मर्यादा लागते. गोव्यासाठी चोर्ला घाट उतरण्याचा त्रास तिथे वसूल होतो.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. तिच्या नवऱ्याला युनायटेडचा ‘मिलियन मायलर’ दर्जा मिळालाय, आणि तो बायकोलाही देता येतो असं तो म्हणतो. मग तो वाटून घेता येतो की नाही? (निपाणी)

जावई बरोबर सांगतात. बहुतेक ठिकाणी दर्जा एकाच माणसाला चिकटलेला असतो. युनायटेड त्याला अपवाद आहे. तिच्या विमानांतून दहा लाख मैल उडालेल्याला आयुष्यभरासाठी गोल्ड मिळतं, वीस लाखांना प्लॅटिनम, तीस लाखांना वन-के. तो दर्जा जोडीदाराला देता येतो. लाउंजचा पाहुणा कार्डवाल्यासोबतच आत जाऊ शकतो. इथे मात्र मुलगी एकटी उडाली तरी दर्जा तिचाच. त्यासाठी युनायटेडच्या ‘मायलेजप्लस’ योजनेतला तिचा स्वतःचा सदस्य क्रमांक हवा, आणि जोडीदार म्हणून तिचं नाव जावयानं आपल्या खात्यातून नोंदवायला हवं.

एक फट आहे. युनायटेडचं गोल्ड असलेल्याला केवळ अमेरिकेतल्या अमेरिकेत उडताना त्या दर्जावर युनायटेडचं लाउंज मिळत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवास असला की मिळतं.

डेल्टा आणि अमेरिकन एअरलाइन्स वरच्या पायरीवरच्या ग्राहकांना दुसऱ्याला खालचा दर्जा भेट द्यायचा पर्याय देतात. क्वांटासमध्ये प्लॅटिनम वनवाला एकाला प्लॅटिनम देऊ शकतो. आपल्याकडच्या साध्या गोल्डवाल्यांनी असं काही मिळेल अशी आशा धरू नये.

प्रश्न : मुलाच्या तिकिटावर वडिलांचा क्रमांक टाकला तर मैल वडिलांच्या खात्यात जमतील आणि त्यांचा दर्जा टिकेल ना? (खानापूर)

नाही. मैल म्हणजे प्रवासाबद्दल कंपनी सदस्याच्या खात्यात टाकते ती बक्षिसी, आणि पैसे कुणीही भरले तरी ती उडणाऱ्याचीच. तिकिटावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही की मैल जमाच होत नाहीत. काही कंपन्या कुटुंबाचे मैल एका खात्यात गोळा करू देतात, पण त्यातून फक्त तिकीट काढता येतं. दर्जासाठीचे गुण ज्याचे त्याच्याकडेच राहतात.

नावाचा घोळ आपल्या भागात फार होतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा, तिकिटावर वडिलांचं नाव, खात्यात फक्त आद्याक्षर. लग्नानंतर पासपोर्ट बदलला, खातं माहेरच्या नावावरच राहिलं, हेही नेहमीचंच. आधी पासपोर्ट बघा, खात्यातलं नाव त्याप्रमाणे दुरुस्त करा, मगच तिकीट काढा. एजंटाला सदस्य क्रमांक लिहून द्या, तोंडी सांगू नका. दर्जा ज्या कंपनीच्या खात्यात आहे, त्याच कंपनीचा क्रमांक तिकिटावर हवा. चेक-इननंतर बोर्डिंग पासवर दर्जा छापून आलाय का ते बघा; नसेल तर काउंटर सोडायच्या आधीच सांगा.

मैल जमले नाहीत तर बोर्डिंग पास आणि १३ आकडी ई-तिकीट क्रमांक घेऊन दावा करता येतो. एअर इंडियाचा क्रमांक ०९८ ने सुरू होतो, एमिरेट्सचा १७६ ने. दाव्याला मुदत असते, म्हणून मैल खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवा.

प्रश्न : एक जण पैसे घेऊन गोल्ड दर्जा ‘करून देतो’ म्हणतोय. घ्यावा का? (चिकोडी)

घेऊ नका. असा परस्पर दर्जा विकत घेणं-देणं नियमांत बसत नाही. पकडलं गेलं की खातं बंद होतं, साठलेले मैलही जातात, आणि ‘करून देणारा’ तोवर फोन उचलत नसतो.