रोलिन्सने वाजवणं थांबवलं नव्हतं

अमेरिकी जाझ सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सने ऐन भरात असताना, १९५९ साली, मंच का सोडला आणि त्यामागे व्यसन होतं का, असं तुम्ही विचारलंय. व्यसनाचं प्रकरण त्याआधीचं. हेरॉइनच्या नादात त्याने तुरुंगाची हवाही खाल्ली, पण १९५५ मध्ये अमेरिकेतल्याच लेक्झिंग्टनच्या सरकारी इस्पितळात उपचार घेऊन तो सावरला.

नंतरची चार वर्षं म्हणजे नुसता धडाका. १९५६ मध्ये 'सॅक्सोफोन कोलॉसस' हा अल्बम. त्यातल्या 'ब्लू सेव्हन'मध्ये तो एकच छोटा स्वरसमूह घेऊन अकरा मिनिटं त्याचाच विस्तार करतो. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलरने १९५८ साली त्यावर अख्खा लेख लिहिला. त्याआधीच, १९५७ च्या 'वे आउट वेस्ट'मध्ये, रोलिन्सने पियानोच काढून टाकला होता. साथीला फक्त बास आणि ड्रम्स. एरवी पियानोवाला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे आधाराचे स्वर, धरून ठेवतो, सॅक्सोफोनवाला त्यावर खेळतो. इथे ती चौकट वादकाने स्वतःच्या सुरांतून दाखवायची. मोकळीक भरपूर, पण चुकलं तर झाकायला कोणी नाही.

कौतुक चहूकडून होत होतं, त्याला स्वतःला मात्र आपलं वाजवणं त्या तोडीचं वाटत नव्हतं. म्हणून मंच सोडून रियाज. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला तो राहायचा. शेजारीण गरोदर होती, तिला त्रास नको म्हणून त्याने जवळचा विल्यम्सबर्ग पूल गाठला. खाली ईस्ट नदी, बाजूने आगगाड्यांचा खडखडाट, आणि हा तासन्‌तास पूर्ण ताकदीने आपला टेनर सॅक्सोफोन फुंकतोय!

१९६१ मध्ये तो परतला, १९६२ मध्ये 'द ब्रिज' हा अल्बम आला. काहीजण हिरमुसले, कारण मधल्या काळात ऑर्नेट कोलमन या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाने जाझची मोडतोड आरंभली होती आणि रोलिन्सकडूनही तसंच काही अपेक्षित होतं. मला ती तक्रार पटत नाही. शैली फारशी बदलली नसेल, पण जिम हॉलच्या गिटारशेजारी त्याचा दमसास आणि स्वराचा भरीवपणा ऐका.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा थांबला. तेव्हा तर चक्क आपल्या पवईच्या आश्रमात योग आणि वेदान्त शिकायला आला होता! शेवटी २०१२ नंतर फुप्फुसांच्या आजाराने वाजवणं खरोखरच सुटलं.

ऐकायला सुरुवात 'द ब्रिज'पासून करू नका. आधी 'वे आउट वेस्ट'मधलं 'आय ॲम ॲन ओल्ड काउहँड' लावा. शेली मॅन ड्रम्सवर घोड्याच्या टापा वाजवतो आणि रोलिन्स त्या गमतीशीर धुनेची मनसोक्त चेष्टा करतो. कान सरावले की 'ब्लू सेव्हन'.