नवं हृदय, तरी पेसमेकर?

प्रश्न : थोरल्या भावावर हृदयप्रत्यारोपण होऊन चार आठवडे झाले. नाडी ५०-५५च्या वर जात नाही. कायमचा पेसमेकर लागेल म्हणतात. मिळालेलं हृदयच खराब होतं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तसा अर्थ काढू नका. दात्याचं हृदय काढताना त्याच्याकडे जाणाऱ्या नसा तुटतात. नाडीला लगाम घालणारी व्हेगस नसही त्यात गेली, म्हणून प्रत्यारोपित हृदय एरवी बसल्या जागी मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं. त्या मानानं ५० फार कमी. ठोका सुरू करणारा सायनस नोड उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) असतो. हृदय शरीराबाहेर असताना त्याचा रक्तपुरवठा थांबतो, टाक्यांजवळ त्याच्या धमनीला इजा होऊ शकते. शिवाय भाऊ आधी अमिओडॅरोन हे अनियमित ठोक्यांवरचं औषध घेत असतील, तर ते अंगात कित्येक आठवडे टिकून नाडी मंद ठेवतं. अ‍ॅट्रोपिनचा (नाडी वाढवायच्या औषधाचा) इथे उपयोग नाही, कारण ते व्हेगसमार्फतच काम करतं. गावातल्या दवाखान्यात जाण्याची वेळ आली तर हे आधी सांगा.

घाई मात्र नको. बऱ्याच जणांचा नोड आपोआप सावरतो. युरोपीय हृदयरोग संघटनेची २०२१ची मार्गदर्शक तत्त्वं अशा वेळी सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहण्याचा विचार करायला सांगतात. तोवर पेसमेकरच्या तात्पुरत्या तारा आणि औषधांवर निभावता येतं का, चालताना नाडी वाढते का, हे डॉक्टरांना विचारा. चक्कर येत असेल किंवा हार्टब्लॉक (ठोक्याचा संदेश खालच्या कप्प्यांकडे जाताना अडणं) असेल तर गणित बदलतं.

पेसमेकर बसवायचाच झाला, तर कर्णिकेतली तार दात्याच्या भागात रुतायला हवी. जुन्या पद्धतीच्या जोडणीत रुग्णाच्या मूळ कर्णिकेचा तुकडा मागे राहतो आणि ईसीजीत दोन वेगवेगळ्या पी-लहरी (कर्णिकेच्या ठोक्याच्या खुणा) दिसतात. तार त्या तुकड्यात बसली तर ठोका नव्या हृदयापर्यंत पोचतच नाही.

प्रश्न : पेसमेकरनंतर बायॉप्सी चालते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालते. हृदयाचा बारीक तुकडा तपासणीसाठी काढायला मानेतल्या शिरेतून जाणारा चिमटा तारेला धक्का देऊ शकतो, म्हणून बायॉप्सी करणाऱ्यांना आधी सांगा आणि नंतर पेसमेकर तपासून घ्या. पेसमेकरची जखम लाल झाली, सुजली किंवा पाझरली, तर ताप नसला तरी लगेच दाखवा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांमुळे ताप येईलच असं नाही. मनानं अँटिबायॉटिक घेऊ नका. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायॉटिकनं टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची) रक्तातली पातळी धोकादायक वाढते.