शेऱ्याचा रकाना आधी वाच

प्रिय पोरी,

सप्रेम जय भीम.

नेमणुकीचं पत्र आल्याचं कळलं. जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीवर अशासकीय सदस्य! चौकात फ्लेक्स लागला असेल, शाल-नारळ झाला असेल. होऊ दे. आपल्या पोरींचे फ्लेक्स तसेही फार लागत नाहीत. पण तो उतरायच्या आत एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. या समितीला कुणाला अटक करता येत नाही, शिक्षा देता येत नाही, साध्या शिपायाची बदलीही करता येत नाही. ती अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या केसेसचा आढावा घेते आणि शिफारस करते. मग तिथं जाऊन करायचं काय? अधिकाऱ्याला तारीख विचारायची आणि त्यानं सांगितलेली तारीख इतिवृत्तात लिहून घ्यायची. माझ्या मते काम एवढंच आहे. बहुतेक सदस्य तेही न करता चहा पिऊन घरी जातात.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा (ॲट्रॉसिटी) तू वाचला आहेस. भाषणांत तोच येतो. १९९५ चे नियम मात्र फार थोड्यांनी उघडलेले असतात, आणि समिती चालते ती त्या नियमांवर. नियम १७ काढ. अध्यक्ष जिल्हाधिकारी. मग खासदार-आमदार, पोलीस अधीक्षक, अनुसूचित जाती-जमातींतले तीन राजपत्रित अधिकारी, त्याच समाजांतले जास्तीत जास्त पाच अशासकीय सदस्य आणि इतर समाजांतले, स्वयंसेवी संस्थांत काम करणारे तिघांपर्यंत. तीन महिन्यांतून किमान एक बैठक. आढावा कशाचा घ्यायचा तेही त्यातच आहे: कायद्याची अंमलबजावणी, पीडितांची मदत आणि पुनर्वसन, खटल्यांची स्थिती, आणि वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी, यंत्रणांनी बजावलेली भूमिका. या शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मार. 'मॅडम, हा विषय आपल्या कक्षेत येत नाही' असं कुणी ना कुणी पहिल्याच बैठकीत म्हणणार आहे. तेव्हा ती ओळ वाचून दाखव. आवाज चढवू नकोस, नुसती वाच.

बैठकीत समाजकल्याणकडून एक गोषवारा फिरतो. गुन्हा नंबर, पोलीस ठाणे, कलमं, तपासावर की न्यायप्रविष्ट, अर्थसहाय्य मंजूर की प्रलंबित, आणि सगळ्यात उजवीकडे शेरा. आमदारसाहेब आले असलेच तर पहिलं पान बघतात, एकूण किती गुन्हे ते विचारतात आणि फोन घ्यायला बाहेर जातात. तू तो कागद उजवीकडून वाचायला सुरुवात कर. शेऱ्यात तुला सगळ्यात जास्त वेळा दिसेल ते 'जात प्रमाणपत्र अप्राप्त'. दिसायला हे तीन शब्द निरुपद्रवी आहेत, पण त्यांच्यामागे काय असतं ते बघ. नियम सांगतो की पीडिताला मदत सात दिवसांत पोचली पाहिजे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम गुन्ह्याप्रमाणे ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. जातिवाचक शिवीगाळीच्या गुन्ह्यात एक लाख: पाव हिस्सा एफआयआरला, निम्मा दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेला शिक्षा लागल्यावर. म्हणजे पहिले २५ हजार आठवड्याच्या आत घरात यायला हवेत. ऊसतोडीला जाणाऱ्या भूमिहीन माणसाकडून मात्र जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागितला जातो. आजोबाच्या शाळेचा दाखला आणा म्हणतात. आजोबाला शाळेच्या पायरीवर कुणी चढू दिलं होतं, हे विचारायचं नसतं. आणि जातीचा दाखला देणार कोण? प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. प्रांत कुणाच्या हाताखाली? समितीच्या अध्यक्षांच्या. म्हणजे ज्या कागदासाठी मदत अडली तो कागद त्याच इमारतीतून निघायचा असतो.

तेव्हा भाषण न करता विचारायचं: 'साहेब, अनुक्रमांक ४, ९ आणि १३. दाखल्याचा अर्ज कोणत्या तारखेला आला, आज कुणाच्या टेबलावर आहे, कधी निघेल?' जिल्हाधिकारी बरे असतील तर तिथंच प्रांतांना फोन लागतो. नसतील तर 'कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर येईल. त्यावर एवढंच म्हणायचं की तारीख इतिवृत्तात घ्या. पुढच्या बैठकीत पहिला विषय 'मागील इतिवृत्त कायम करणे' असतो आणि सगळे त्याला मान डोलावतात. तू डोलावू नकोस. मागची तारीख वाच आणि काय झालं ते विचार. दोनतीनदा असं झालं की तू विचारलेल्या केसेसपुढचे शेरे बैठकीच्या आधीच बदललेले दिसतील. अधिकारी वाईटच असतात असं नाही, पोरी. त्यांच्यासमोर रोज शंभर कागद येतात आणि ज्याबद्दल कुणी विचारणार आहे तो कागद ते वर काढून ठेवतात.

साक्षीदारांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यावर समितीत कुणी बोलत नाही. खटले पडतात ते बहुतेकदा साक्षीदार फितूर झाल्यानं. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या खर्ड्याचा खटला तुला माहीत आहे. २०१४ चा दलित मुलाचा खून, २०१७ ला आरोपी निर्दोष सुटले, साक्षीदार एकामागून एक फिरले होते. गावातला दबाव असतोच, तो मी नाकारत नाही. पण कोर्टाच्या व्हरांड्यात बसून मी जे पाहिलं तेही ऐक. कापूस वेचणीचे दिवस होते. एक बाई साक्षीला आली होती, पहाटेची एसटी पकडून. भाकरी फडक्यात, तिकीट कनवटीला. दुपारी तीनला आरोपीच्या वकिलांनी मुदत मागितली, पुढची तारीख पडली. त्या दिवसाची मजुरी गेली, जाण्यायेण्याचं भाडं गेलं. भत्त्याचं विचारलं तर 'अर्ज कुठाय?' बाईनं मला विचारलं, 'पुढल्या तारखेला नाही आले तर पोलीस धरतील का?' आरोपीच्या माणसांनी तिला धमकी वगैरे काही दिली नव्हती. त्यांनी मुकादमाकरवी नुसता निरोप दिला होता की साक्षीला गेलीस तर वेचणीला येऊ नकोस.

नियम ११ याचसाठी आहे. पीडित, त्याच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांना प्रवासभाडं द्यायचं, आणि घरापासून लांब काढलेल्या दिवसांचा निर्वाह खर्चही, तो शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही असा. तेही लगेच, फार तर तीन दिवसांत. तू समितीत विचार: गेल्या तिमाहीत किती साक्षीदारांना भत्ता दिला, कोणत्या तारखेला? सभागृहात शांतता पसरेल. समाजकल्याण पोलिसांकडे बघेल, पोलीस सरकारी वकिलांकडे. ती शांतता तू मोडू नकोस, उत्तर येईपर्यंत थांब.

आता कलमांचं. भंडाऱ्याचं खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. एकाच घरातल्या चौघांना मारलं. २००८ मध्ये शिक्षा झाल्या, पण अत्याचार प्रतिबंध कायद्याची कलमं कोर्टात टिकली नाहीत. गंभीर गुन्ह्यात हे जातीच्या कारणावरून केलं असं तेव्हा सिद्ध करावं लागे, आणि मारणारा काही कारण लिहून ठेवत नाही. पुढे २०१५ ची दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून ती लागू आहे. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत आता समोरच्याची जात आरोपीला माहीत होती एवढं दाखवलं तरी चालतं, आणि दोघांची वैयक्तिक ओळख असेल तर जात माहीत होती असंच कोर्ट धरून चालतं. आपल्या गावांत कुणाला कुणाची जात माहीत नसते? तरीही तपासाच्या कागदांत ओळखीचा एक जबाब नसतो आणि तेवढ्यावर केस ढिली पडते. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो. जबाब हवालदारानं लिहिले आणि साहेबांनी खाली सही केली, असं तर झालं नाही ना, तेही विचार.

'आधी चौकशी करतो, मग गुन्हा दाखल करतो' असं अजूनही ठाण्यात सांगतात. त्याचं मूळ २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे, आणि तो निकाल आपल्याच कराडच्या एका प्रकरणातून आला होता. त्याच वर्षी संसदेनं कलम १८ अ घालून प्राथमिक चौकशीची अट काढून टाकली, २०२० मध्ये न्यायालयानंही ते कलम कायम ठेवलं. एवढं पाठ असलं की पुरे. साठ दिवसांत दोषारोपपत्र आणि उशीर झाला तर लेखी कारण, हेही तसंच. जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला मिळाली होती का, तेही प्रत्येक बैठकीत विचार. तो कलम १५ अ चा हक्क आहे, आणि बहुतेकांना आरोपी पारावर बसलेला दिसतो तेव्हाच जामीन झाल्याचं कळतं.

कुणीतरी गैरवापराचा विषय काढणार. हमखास. तेव्हा चिडू नकोस, आकडा माग. निर्दोष सुटला म्हणजे खोटी फिर्याद असं होत नाही. पोलिसांना फिर्याद खोटी वाटली तर ते कोर्टात 'ब समरी' पाठवतात. जिल्ह्यात या वर्षी किती ब समऱ्या मंजूर झाल्या तेवढं अधीक्षकांना विचार. आणि त्याच्या जोडीला दुसरा आकडा माग: किती फिर्यादींच्या नावावर त्याच दिवशी, दोनचार तासांच्या अंतरानं, दरोड्याची नाहीतर विनयभंगाची क्रॉस केस, म्हणजे उलटी फिर्याद, दाखल झाली? दोन्ही एफआयआरच्या वेळा शेजारी शेजारी ठेवल्या की पुष्कळ समजतं.

गावातली दुसरी एक समितीही तुझ्या वाटेत येईल. तंटामुक्तीची मोहीम २००७ ला सुरू झाली. बांधाची, पाण्याच्या पाळीची भांडणं तिनं मिटवली असतील, मी नावं ठेवत नाही. पण गाव तंटामुक्त म्हणून गौरवलं जावं यासाठी आपल्या वस्तीवरच्या माणसाला 'मिटवून घे' म्हणणं वेगळं. तिथं आठ खुर्च्या पाटलाच्या भावकीच्या आणि एक आपल्या माणसाची असते, आणि ती एक खुर्ची सही घेण्यापुरती असते. असा कागद कुणी तुझ्याकडे घेऊन आला तर सांग की या कायद्याखालचा गुन्हा गावच्या बैठकीत मिटत नाही.

आणि आता जे बाहेर बोलत नाहीत ते. पाच जागा आपल्या म्हणतो आपण, पण आपल्या कुणाच्या? ज्या जातीची जिल्ह्यात संघटना मोठी तिचे तीन-चार जण बसतात, आणि त्यांच्या केसेसना मोर्चा मिळतो, निवेदन मिळतं, टीव्हीवाला येतो. मातंग वस्तीतली केस येते तेव्हा आवाज अर्धा होतो. पारध्याची आली की सदस्यच एकमेकांकडे बघतात, कारण चोरीचा संशय आपल्याही मनातून गेलेला नसतो. गोषवाऱ्यात पारध्यांच्या केसेस आधी शोध. त्यांच्यासाठी कुणी फोन करणार नाही, म्हणून तूच कर. आदिवासी पाड्यांवर तर फिर्यादच होत नाही. ठाणं तीस किलोमीटरवर असतं. त्या ठाण्यांसमोर गोषवाऱ्यात शून्य असेल तर शाबासकी द्यायची घाई करू नकोस, एकदा जाऊन ये. भटक्या-विमुक्तांतले जे अनुसूचित यादीत नाहीत त्यांना हा कायदा लागत नाही. तिथं जातपंचायतीनं वाळीत टाकलं असेल तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार कायदा आहे. महाराष्ट्रानं तो देशात सगळ्यांत आधी केला. वापरतात किती, तोही एक प्रश्न विचार. उत्तर ऐकून हसू नकोस.

बैठकीत तू बहुधा एकटीच बाई असशील. बलात्काराच्या केसवर चर्चा चालली की कुणीतरी पीडितेचं नाव मोठ्यानं घेईल. तिथंच थांबव, गुन्हा नंबर म्हणा म्हण. आणि कुणी 'ताई, तुम्ही जरा महिलांचं बघा' म्हणालं तर बघ, पण भत्त्याचा कागद हातातून सोडू नकोस.

पहिली बैठक कधी लावतात याची वाट बघत बसू नकोस. तीन महिने उलटले असतील तर सदस्य सचिवांना, म्हणजे समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना, साधं पत्र दे: मागच्या चार बैठकांची इतिवृत्तं आणि प्रलंबित अर्थसहाय्याची यादी द्यावी. आवक शिक्का मारून पोच घे. यादी मिळाली की त्यातली तीन गावं निवड, एसटीनं जा, पीडिताच्या घरी बस. समितीची सदस्य म्हणून जाऊ नकोस, नाहीतर चहासाठी दूध शेजारून आणायला लावशील. आणि सरकारी वकील मनापासून केस लढवत नाहीत असं एखाद्या घरात ऐकू आलं तर नियम ४ खाली अर्ज लिहून घे. पीडितानं मागणी केली तर जिल्हाधिकारी ज्येष्ठ वकील देऊ शकतात. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, शनिवारी ये आणि घेऊन जा.

तुझी,
मावशी